वडिलोपार्जित शेतातील जुन्या तळीचा इतिहास कसा शोधावा?

माडबन:

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उंच पठाराच्या, पायथ्याशी, भातखाचरांच्या वरच्या अंगाला, एक जुनी तळी आहे. तिचे तीन काठ जांभ्याचे, सरळ उभे आहेत आणि चौथ्या बाजूने पायऱ्या उतरतात. पावसाळ्यात ती तुडुंब भरते आणि वैशाखातही तळाशी थोडे पाणी टिकते. ती खोतांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांनी, खणवली असे आजोबा म्हणत असत, तर आत्या तिला देवाची तळी म्हणतात. सातबाऱ्यावर तिचा स्वतंत्र उल्लेख नाही. पोटखराब्याखाली, म्हणजे लागवडीखाली नसलेल्या जमिनीत, काही गुंठे तेवढे दाखवले आहेत. यंदा तिचा गाळ काढावा असे भावंडांचे म्हणणे आहे. त्याआधी ती कोणी, केव्हा आणि कशासाठी केली हे समजून घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शोध कोठून सुरू करावा?

जुनेदप्तर:

सातबाऱ्यावरील पोटखराबा 'अ' वर्गाचा आहे की 'ब' वर्गाचा, हे सर्वप्रथम पाहावे. 'अ' वर्गात मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरलेली जमीन येते. 'ब' वर्गात रस्ते आणि स्मशानभूमी यांच्याबरोबर, ज्या तळ्याचे किंवा ओहोळाचे पाणी खातेदाराखेरीज इतर लोक शेतीसाठी, पिण्यासाठी वा घरकामासाठी वापरतात, त्याखालची जमीनही येते. म्हणजे आपली तळी 'ब' मध्ये असेल, तर ती एका घराची नव्हे, वाडीची किंवा गावाची होती, असे मानण्यास सरकारी कागदाचाच आधार मिळतो.

त्यानंतर उलट्या क्रमाने मागे जावे. गावात गटयोजना (जमिनींचे एकत्रीकरण) झाली असेल, तर आजच्या गट क्रमांकावरून जुना सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा शोधावा लागेल. तो हाती आला, की भूमी अभिलेखाच्या तालुका कार्यालयातून जुने टिपण आणि गावनकाशा यांच्या नकला मागवाव्यात. टिपण हे त्या क्रमांकाचे मोजणीच्या वेळचे रेखाटन असल्यामुळे त्यात तळी किंवा तिच्याकडे जाणारी पायवाट दाखवलेली असू शकते, आणि पायवाट दिसलीच तर ती कोणत्या वाडीकडून येते याकडे विशेष लक्ष द्यावे. तहसील कार्यालयात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, मिळतात. त्यांत १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरच्या आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांच्या नावे झालेल्या नोंदी बारकाईने वाचाव्यात. खोती गावांसाठी तयार झालेले बोटखत (जमिनी व हक्कांची जुनी नोंदवही) उपलब्ध असेल, तर तेही पाहावे. १८८० चे रत्नागिरी गॅझेटियर खोती पद्धत समजून घेण्यास फार उपयोगी आहे, परंतु एखाद्या शेतातील तळीची माहिती त्यात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो मात्र अवश्य चाळावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. तळी कोणी खणली हे दप्तरात क्वचितच लिहिलेले असते. पाण्यावर कोणाचा हक्क होता, याच्या खुणा मात्र पुष्कळदा सापडतात, आणि खणणाऱ्यापर्यंत पोहोचायचे तर वाट तेथूनच जाते.

कातळवाट:

कागदांइतकेच दगडांकडेही पाहावे. काठ चिरे रचून बांधलेले आहेत, की अखंड कातळात वरून खाली तासलेले आहेत? सांधे कोठेही नसतील आणि पहारीचे किंवा टिकावाचे घाव सरळ रांगेत दिसत असतील, तर ही तळी मूळची चिरेखाण असण्याचा संभव आहे. जांभा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्या हवेत कठीण होत जातो. त्यामुळे घर, देऊळ किंवा गडगा जेथे उभा करायचा, त्याच्या जवळच चिरा काढणे सोयीचे असे, आणि राहिलेल्या खड्ड्यात पाणी साठवले जाई. आपल्या घराच्या जोत्यातील किंवा जवळच्या देवळातील चिऱ्यांची लांबी-रुंदी मोजून ती तळीतील घावांशी ताडून पाहावी.

दुसरी शक्यता झऱ्याची आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो आणि त्याखालच्या शेडूवर, म्हणजे चिकण मातीच्या थरावर, अडून पायथ्याशी बाहेर येतो. आपल्या तळीत वैशाखातही पाणी असते हे वाचून मला हीच शक्यता अधिक वाटते. तसे असेल तर पाणी आधीपासूनच वाहत असणार आणि माणसांनी त्याला केवळ काठ व पायऱ्या दिल्या असणार. मे महिन्यात पाणी कोणत्या कोपऱ्यातून येते ते पाहून ठेवावे.

माडबन:

मनापासून आभार. उतारा पुन्हा पाहिला; पोटखराबा 'ब' वर्गातच आहे. इतर हक्काच्या रकान्यात मात्र पाण्याविषयी काहीही नाही. घरात कोणीही हे कधी सांगितले नव्हते. आता याचा अर्थ कसा लावावा?

पाणवठा:

रकाना कोरा असल्यामुळे वहिवाट नव्हती असे ठरत नाही. या टप्प्यावर घरातल्यांना विचारणे थांबवून शेजारच्या सर्व वाड्यांतील वयस्कर स्त्रियांना विचारावे, कारण पाणी भरण्याचे काम त्यांचेच होते. कोणत्या पायरीवर कोण भरत असे, गुरे कोठे धूत, आणि कोणाला पायरी उतरू देत नसत, हा शेवटचा प्रश्नही स्पष्टपणे विचारावा.

महाडचे चवदार तळे आपल्या कोकणातलेच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला, आणि त्यातून उभा राहिलेला दावा मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाली काढला. तळे नगरपालिकेचे की खासगी, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी खरोखर अनादी काळापासूनची आहे का, याचाच त्यात खल झाला, आणि तशी रूढी सिद्ध झाली नाही. तळ्याचा इतिहास म्हणजे पाण्याच्या वापराचा इतिहास, हे त्या निकालातून जितके कळते तितके कोणत्याही गॅझेटियरमधून कळत नाही. आपल्याकडे खोतांचे नाव सांगितले जाते, परंतु प्रत्यक्ष खणणारे हात कोणाचे होते आणि त्यांना पुढे ते पाणी मिळाले का, याचीही नोंद आपल्या टिपणवहीत व्हावी, अशी माझी विनंती आहे.

कातळवाट:

गाळाविषयी लिहायचे राहिले होते. जेसीबी लावू नये. तळाशी बसलेला चिकण थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून खालचा भेगाळ जांभा उघडा पडला, तर पुढच्या वर्षी तळी माघातच कोरडी पडेल. माणसांकडून, उन्हाळ्याच्या अखेरीस, थराथराने गाळ काढावा, आणि त्याआधी चारही काठांची मापे व छायाचित्रे घ्यावीत. देवळात नवी मूर्ती बसवताना जुनी, भंगलेली मूर्ती पाण्यात विसर्जित करण्याची चाल असल्यामुळे गाळात मूर्ती सापडू शकते, आणि तशी सापडल्यास आत्यांच्या म्हणण्याला बळ मिळेल. मूर्ती, नाणी किंवा भांडी मिळाल्यास ती कोणत्या थरात होती ते लिहून ठेवावे. मौल्यवान पुरलेल्या वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यातील मर्यादा केवळ १० रुपयांची असल्यामुळे वस्तू किरकोळ वाटली तरी कळवावीच.