मदत हवी आहे: पेटीवर निघत नाही ती मींड काढायची आहे, कोणती इलेक्ट्रिक गिटार घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, राहायला रामबागेत, वय ४७. गेली २२ वर्षं आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. गिटारच्या बाबतीत मात्र श्रीगणेशापासून सुरुवात आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढून उत्तर द्यावं.

गिटार कशासाठी हवी ते आधी सांगतो, कारण दुकानात ते न सांगितल्यामुळे एकदा नको ती गिटार घरी येता येता राहिली. आमच्या मंडळात एक मावशी भैरवी गातात. कोमल गंधारावरून षड्जावर त्या अशा उतरतात की मधली सगळी वाट ऐकू येते. माझ्या पेटीवर त्याच जागी तीन सुटे सूर वाजतात. आकाशवाणीवर १९४० साली पेटीला बंदी झाली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. मला ती बंदी नेहमीच अन्यायाची वाटत आली, पण 'पेटीला मींड नाही', म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येत नाही, हे तिच्यामागचं कारण खोटं नव्हतं. मावशींच्या मागे बसलो की ते मला दर गुरुवारी जाणवतं.

गेल्या गणपतीत एका कार्यक्रमात एक मुलगा इलेक्ट्रिक गिटारवर अभंगाला साथ करत होता. तार पडद्यावर दाबून तो आडवी ओढायचा आणि सूर सतारीसारखा चढत जायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. सतार मी शिकलो असतो, पण गुडघ्यांमुळे मांडी घालून तासभर बसवत नाही. पं. ब्रिजभूषण काबरा, पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर जे राग उभे केले ते मी मनापासून ऐकत आलो आहे, पण ती आडवी ठेवून सळईने वाजवायची गिटार. मला खुर्चीवर बसून किंवा उभं राहून, बोटांनी तार ओढायची आहे.

भाच्याची साधी गिटार महिनाभर आणून पाहिली. तार अर्ध्या सुराइतकीही ओढली जाईना. बोटांना घट्टे पडले, मींड काही आली नाही.

बजेट सगळं मिळून २५,००० रुपये. इथल्या दुकानदाराने दांडी असलेली, हलत्या ब्रिजची (तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो भाग) गिटार पुढे केली आणि म्हणाला, "सब यही लेते हैं." त्या दांडीने सूर हलतो हे खरं, पण माझ्या कामाची ती आहे का? दुसरं म्हणजे आमचं घर जुनं, वायरिंगही जुनं. दुकानातच एक गिटार इतकी घुमत होती की मला पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) जरा वरचा सूर सतत ऐकू येत होता. घरी आई आजारी असते, त्यामुळे रियाज हेडफोनवरच होणार. आणि शेवटचं: मंडळाच्या मिक्सरला गिटार थेट जोडली तर चालेल का?

प्रतिसाद

तुमचं काम नेमकं सांगितलंत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. मी १५ वर्षं वाजवतोय.

हलता ब्रिज नको. तो पाठीमागच्या स्प्रिंगांवर तरंगत असतो. एक तार ओढली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाचही तारा उतरतात. रॉकमध्ये हे खपून जातं. तुम्ही मात्र मींड काढताना शेजारची मोकळी तार षड्ज म्हणून छेडत ठेवणार, आणि नेमकी तीच बेसूर होईल. पेटीवाल्याच्या कानाला ते सहन होणार नाही. पक्क्या ब्रिजचीच घ्या.

मग तारेची लांबी. स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर घाटाच्या गिटारींत नटपासून (वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत साधारण २५.५ इंच असतात, लेस पॉल घाटात २४.७५. पाऊण इंचाने काय होतं असं वाटेल, पण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे त्याच तारेला जवळपास ६ टक्के ताण कमी. तारेच्या जाडीने तर आणखी फरक पडतो. १० ऐवजी ९ चा संच (हा आकडा पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावलात तर पहिल्या तारेचा ताण सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. भाच्याच्या गिटारवर तुम्हाला जमलं नाही यात तुमचा दोष नाही. साध्या गिटारला बहुतेक १२ चा संच असतो आणि तिची तिसरी तार गुंडाळीची असते, ती ओढायला फार जड. इलेक्ट्रिकवर तिसरी तार साधी असते. तुमची बहुतेक मींड याच तारेवर निघेल.

पक्का ब्रिज आणि आखूड लांबी, दोन्ही लेस पॉल घाटात एकत्र मिळतात. एपिफोन, कॉर्ट यांच्याकडे या घाटाच्या साध्या गिटारी आहेत. गिटारवर १७-१८ हजारांच्या वर जाऊ नका, बाकीचे हेडफोन अँप, केबल, ट्यूनर आणि सेटअपला ठेवा. सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, केलेला नसेल तर चांगली गिटारसुद्धा हातात कडक लागते.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. पडद्यावर तार ओढली की सूर फक्त चढतो. मावशींसारखं कोमल गंधारावरून षड्जावर उतरायचं तर षड्जाच्या पडद्यावर बोट ठेवून, न छेडता, तार आधी गंधारापर्यंत ओढून धरायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. सतारीवरही हेच करतात. तीन अर्धसुरांचा हा ओढा एका बोटाने होत नाही, मागे आणखी दोन बोटांचा आधार लावायचा. पहिले सहा महिने दोन अर्धसुरांवरच थांबा.

प्रतिसाद

घुमण्याबद्दल लिहितो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तुमचा कान बरोबर आहे, ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या थोडं वर. एकेरी गुंडाळीचा पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा, तारांखालचा भाग) ही घरघर उचलतो. हंबकर नावाच्या पिकअपमध्ये उलट दिशेच्या दोन गुंडाळ्या असतात, त्यामुळे ती एकमेकींत विरते. लेस पॉल घाटात बहुधा हंबकरच असतात, तरी दुकानात विचारून घ्या. घराचं आर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनला दाखवाच, आणि ते आवाजासाठी नव्हे, तुमच्या जिवासाठी. तारा धातूच्या असतात आणि अँपच्या आर्थिंगला जोडलेल्या असतात.

मिक्सरला थेट लावू नका. आवाज पातळ आणि मेलेला येईल, कारण पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचा त्याच्या कितीतरी खाली असतो. मध्ये एक डीआय बॉक्स घाला, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल पुन्हा दुकानात गेलो. पक्क्या ब्रिजची, हंबकर असलेली एक गिटार पाऊण तास वाजवून पाहिली. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यावरून पांढरी दोनची पांढरी तीन झाली, आणि मोकळी चौथी तार जागची हलली नाही! उलटी मींडही करून पाहिली. कच्चीच आली, पण वाट ऐकू आली. घरी येऊन मावशींना फोन केला.

फक्त एक अडचण आहे. पहिल्या तारेवर पंधराव्या पडद्यावर ओढलं की सूर मध्येच मरतो. दुकानदार म्हणतो सेटअपने जाईल. घ्यावी का?

प्रतिसाद

पैसे देण्याआधी तिथेच तपासा. ब्रिजचा त्या बाजूचा स्क्रू फिरवून तारा अर्धा मिलिमीटर वर घ्यायला सांगा, सुरात लावा आणि पुन्हा ओढा. सूर टिकला तर तारा खाली होत्या इतकंच, बिनधास्त घ्या. तरीही मेला तर पुढचा एखादा पडदा उंच राहिला आहे. मग तीच गिटार, दुसरा नग मागा. सहाही तारा, बाराव्यापासून वरचा प्रत्येक पडदा, सगळं ओढून बघा. घाई करू नका.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

उद्या सकाळी दुकान उघडताच जातो. ९ चा संच सोबत नेतो, तोच लावून तपासेन.