म्हाताऱ्या उंदरांच्या दाढा: हाड झिजतंय की दाढ वर सरकतेय?

दाढेमागे_परळ: सी५७ब्लॅक/६ उंदीर, ३ आणि २४ महिन्यांचे. मायक्रोसीटीत (बारीक थ्रीडी एक्स-रे स्कॅन) खालच्या पहिल्या दाढेपाशी सिमेंटम-इनॅमल सांध्यापासून (मुळावरचा सिमेंटमचा थर आणि माथ्यावरचं इनॅमल जिथे मिळतात तिथून) हाडाच्या काठापर्यंतचं अंतर म्हाताऱ्यांत बरंच जास्त भरतंय. हाडाची झीज म्हणून लिहू का? दुसरं, छेदांत दाढ हाडाला बांधणारा अस्थिबंध (पीडीएल) हाडापासून सुटून येतोय. आणि पिक्रोसिरियसमध्ये (कोलॅजन दाखवणारा रंग) हिरवे तंतू दिसतात, म्हणजे कोलॅजन ३ वाढलं ना?

मूळमुद्दा: नुसत्या त्या अंतरावर नका लिहू. खाऊन खाऊन दाढेचा माथा घासतो, त्याची भरपाई म्हणून दाढ हळूहळू वर येते, मुळाच्या टोकाशी पेशीयुक्त सिमेंटम साचत जातं. सांधाच वर गेला की काठ जागच्या जागी असूनही अंतर वाढतं. म्हणून दोन मापं घ्या: सांधा ते काठ, आणि काठ ते जबड्यातल्या नसेचा कालवा. दुसरं माप कमी झालं तरच काठ खाली गेला म्हणा. माथ्याची उंची आणि टोकाच्या सिमेंटमची जाडीही नोंदवा. व्हॉक्सेल (स्कॅनमधला सर्वांत लहान घन ठिपका) १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक ठेवा, नाहीतर सांध्याची जागा अंदाजानेच धरावी लागते.

खाली धावणारा पटाशीचा दात मोजमापात येऊ देऊ नका. तो जन्मभर वाढतो, त्याच्या पीडीएलचं गणितच निराळं.

छेदक: पीडीएल सुटतं ते बहुतेक वेळा जबडा वाळल्यामुळे. स्कॅनच्या वेळी बफरने ओला ठेवा, पॅराफिल्ममध्ये गुंडाळा. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर २४ तास, मग खनिज काढायला १४ टक्के ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४, नमुन्याच्या किमान २० पट, दर २-३ दिवसांनी बदलून. दोन ते चार आठवडे लागतात. दिवस मोजून थांबू नका, एक्स-रेवर खनिज उरलेलं नाही हे बघा. घाई म्हणून फॉर्मिक आम्ल वापरलंत तर ट्रॅप (हाड खाणाऱ्या पेशींची खूण असलेलं एन्झाइम) रंगणार नाही, बरेच अँटिजेनही (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ते रेणू) जातील. ५ मायक्रॉनचे छेद चार्ज्ड स्लाइडवर घेऊन रात्रभर ३७ अंशांवर सुकवा. मुंबईच्या पावसाळ्यात बाकावर ठेवून सुकत नाहीत, अँटिजेन रिट्रीव्हलला (अँटिबॉडी लावण्याआधीची पायरी) तरंगून निघतात.

पिक्रोसिरियसचा हिरवा रंग म्हणजे कोलॅजन ३ नव्हे! तंतू बारीक किंवा विरळ असले तरी ध्रुवित प्रकाशात हिरवेच दिसतात, छेदाची जाडी बदलली की रंगही बदलतो. प्रकार सांगायचा तर अँटिबॉडी लावा. पिक्रोसिरियसवरून तंतूंची मांडणी आणि घनता एवढंच बोला.

मूळमुद्दा: आणखी एक. उंदरांच्या दाढा मागे सरकतात, माणसासारख्या पुढे नाहीत. त्यामुळे मुळामागच्या हाडावर ट्रॅप-पॉझिटिव्ह पेशी तरुण उंदरांतही सापडतात. मुळाची पुढची आणि मागची बाजू वेगळी मोजा. हिरडीच्या खोबणीत केस अडकलाय का तेही बघा, म्हाताऱ्या उंदरांत हे होतं. त्या जागेची सूज वयाच्या खात्यावर टाकू नका.

दाढेमागे_परळ: कालव्याचं माप काढतो. पण म्हाताऱ्यांत सूजही असणारच, मग घासण्याचा भाग वेगळा कसा काढायचा?

मूळमुद्दा: पूर्ण वेगळा निघत नाही. पण वय वाढलं की हाड जातं, त्यात सुजेचाही हात असतो. २०१२ च्या डेल-१ (सूज आवरणारं प्रथिन) च्या कामात वयाबरोबर डेल-१ घटतं, आयएल-१७ (सूज वाढवणारा संदेशरेणू) आणि न्यूट्रोफिल (सुजेच्या जागी येणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात असं दिसलं. तेव्हा हिरडीतले न्यूट्रोफिल मोजा. काठ खाली आणि न्यूट्रोफिलही जास्त, तर सुजेकडे बोट दाखवता येईल. काठ जागेवर आणि माथा घासलेला, तर दाढच वर आलीय.

छेदक: एका बाजूचा जबडा हिरडीसकट हिस्टॉलॉजीला (छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) ठेवा. हिरडी सोलून काढलीत तर हे मोजायला काही उरत नाही.