मदत हवी आहे : दारू, लिव्हर आणि जनुकीय तपासणी

वडील लिव्हर सिरॉसिसने (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) गेले. आता दादालाही तेच निदान झालंय, पोटात पाणी झालंय. दोघंही पिणारे, हे खरं. पण त्यांच्याइतकीच पिणाऱ्या मित्रांचे रिपोर्ट नॉर्मल येतात, म्हणून वाचायला घेतलं.

पीएनपीएलए३ या जनुकात आय१४८एम नावाचा बदल असेल तर लिव्हरच्या पेशींतली चरबी नीट मोकळी होत नाही आणि पिणाऱ्यांत सिरॉसिसचा धोका वाढतो. आई-वडील दोघांकडून तो आला तर जास्तच. २०१५ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात टीएम६एसएफ२ आणि एमबीओएटी७ ही धोका वाढवणारी आणखी दोन जनुकंही पुढे आली. उलट एचएसडी१७बी१३ या जनुकातला एक बदल काहीसं संरक्षण देतो.

माझी खरी काळजी धाकट्या भावाची. तो शनिवार-रविवार घेतो, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, तरी ‘मला काही होत नाही’ म्हणतो. त्याची ही जनुकीय तपासणी करून घ्यावी का? पुण्या-मुंबईत कुणी करून घेतली आहे का, आणि रिपोर्टनंतर डॉक्टरांनी उपचारात काही बदललं का? की आधी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करावा? मला भीती वेगळीच आहे: रिपोर्ट चांगला आला तर तो अजून प्यायला लागेल. अशा माणसाला तुम्ही घरात कसं समजावलंत, तेही कृपया सांगा.