नौका विकत घेतली, पण परवाना संपलेला: समुद्रात गेल्यास दंड किती?

हर्णैकर_नाखवा
नमस्कार मंडळी. जुनी यांत्रिक नौका घेतली आहे, गिलनेटची (पाण्यात उभं सोडून मासे अडकवणारं जाळं). नोंदणी दाखल्यावर अजून आधीच्या मालकाचं नाव आहे, मासेमारी परवान्याची मुदत संपलेली आहे आणि इंजिनही बदललेलं आहे. आधीचे मालक म्हणतात, नौकेवर नंबर आहे ना, मग कोण विचारतंय! १ ऑगस्टला निघालो आणि गस्तीत सापडलो, तर दंड किती आणि कोणावर?

बंदर_कारभार
नाखवा, नंबर म्हणजे परवाना नव्हे. आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर नोंदणीचा. मासेमारीचा परवाना हा वेगळा कागद, तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो, आणि त्यावर जाळ्याचा प्रकारही लिहिलेला असतो.

२०२१ च्या दुरुस्तीने दंड फार वाढले. विनापरवाना मासेमारी किंवा १ जून ते ३१ जुलैच्या बंदीचा भंग: ५ लाखांपर्यंत. पर्ससीन, रिंगसीन (थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी) बेकायदा वापरली तर १ ते ६ लाख. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी किंवा बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढणं): ५ ते २० लाख. ट्रॉलरला कासव सुटण्याचं साधन नसेल किंवा ठरलेल्या आकारापेक्षा लहान मासळी सापडली, तर १ ते ५ लाख. पापलेटची मर्यादा १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे गिलनेटवाल्यांनीही आस (जाळ्याच्या छिद्राचा आकार) बघूनच जाळं घ्यावं. पूर्वी दंड सापडलेल्या मासळीच्या किमतीवर बेतलेला असायचा. आता नौकेत मासळी कमी होती म्हणून दंड कमी होईल, या भरवशावर राहू नका.

दर्याकिनारा
दंडापेक्षा नौका अडकून पडणं जास्त महागात जातं. पकडल्यावर नौका बंदरात आणून लावतात, पंचनामा होतो, मासळीचा लिलाव करून पैसे सरकारजमा होतात. मग प्रकरण अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे (सुनावणी घेऊन दंड ठरवणारा अधिकारी) जातं. पूर्वी हे काम तहसीलदाराकडे होतं, दुरुस्तीनंतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आलं. सुनावणी होऊन आदेश निघेपर्यंत खलाशांना दिलेले आगाऊ पैसे आणि भरलेला बर्फ दोन्ही वाया.

तुमच्या बाबतीत मोठा घोळ वेगळाच आहे. नोटीस कागदावरच्या मालकाला जाते, पण मासेमारी करणाराही सुटत नाही. नौका सोडवायची वेळ आली की मालकी सिद्ध करावी लागते, आणि आधीच्या मालकाने हात वर केले तर तुमच्याकडे काय आहे?

पंचनाम्याची प्रत लगेच मागा. त्यात जागा, वेळ, जाळ्याचा प्रकार आणि मासळीचा अंदाज नीट लिहिलाय का ते बघूनच सही करा. आदेश विरुद्ध गेला तर अपील आहे, पण मुदत चुकवू नका. आणि लांबून कोणाला दिसतंय असं समजू नका, जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू आहे. नंबर पुसट असला किंवा ताडपत्रीखाली झाकला तर संशय उलट वाढतो.

बंदर_कारभार
आता करायचं काय ते सांगतो. सगळ्यात आधी नौकेवर एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास महामंडळ) किंवा बँकेचं कर्ज थकलंय का ते मच्छीमार सोसायटीत विचारा. बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) नसेल तर हस्तांतर अडतं. त्यानंतर नोटरी केलेला विक्री करार, मूळ नोंदणी दाखला, नव्या इंजिनचं बिल, विमा आणि तुमचं ओळखपत्र घेऊन रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर मालकीबदलाचा अर्ज करा. इंजिनचा क्रमांक आणि अश्वशक्ती त्याच वेळी बदलून घ्या. तपासणीला आलेला परवाना अधिकारी इंजिनवर कोरलेला क्रमांक कागदाशी ताडून बघतो. एक आकडा चुकला तरी सवलतीच्या डिझेल कोट्याचं काम लटकतं. परवाना सगळ्यात शेवटी, तुमच्या नावावर.

सागरी_सुरक्षा
सुरक्षेचं सामान तपासणीपुरतं उसनं आणू नका. जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट, शिवाय लाइफ बॉय, अग्निशामक, चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ (संकटाचा चॅनल १६) आणि खलाशांची ओळखपत्रं. बंदरातून निघताना टोकन (समुद्रात जाण्याची नोंद) घ्या आणि त्यावर खरी संख्या द्या. नौका बुडाली तर किती जणांना शोधायचं हे त्या आकड्यावरूनच ठरतं. बंदीच्या काळात अपघात झाला तर शासनाकडून भरपाईही मिळत नाही. अडचणीत तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. दोन्ही क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा.

हर्णैकर_नाखवा
आभारी आहे सगळ्यांचा. परवाना हातात येईपर्यंत नौका खाडीतच राहील. उद्या सोसायटीत कर्जाची चौकशी करतो.