शब्दचर्चा : मुसांडा की भूतकेस?

प्रश्न : सोसायटीच्या बागेत पुरुषभर उंचीचं झुडूप आहे. फिकट गुलाबी, मऊ पाकळ्यांचे मोठे झुबके येतात. माळीदादा ‘मुसांडा’ म्हणतात, शेजारच्या काकू बोगनवेलीचा प्रकार म्हणतात. झाड नक्की कोणतं? याला मराठी नाव आहे का?

उत्तर : ताई, आधी पानं बघा. बोगनवेलीची पानं एकाआड एक येतात आणि बगलेत काटा असतो. तुमच्या झाडाची पानं समोरासमोर असतील, किंचित लवदार, शिरा ठसठशीत. दोन देठांच्या मधोमध खोडाला चिकटलेलं इवलंसं उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं पातं) दिसलं, तर हे कदंब, कॉफी आणि इक्झोराचंच कूळ. मग झुबका उलगडून पाहा. आत छोटं पिवळसर, पाच टोकांचं, चांदणीसारखं काही असेल. खरं फूल तेच! गुलाबी ‘पाकळ्या’ म्हणजे मोठी झालेली निदलं (कळीला बाहेरून झाकणारी, एरवी बहुधा हिरवी असणारी दलं). बोगनवेलीत रंगीत भाग निदलांचा नसून छदांचा, म्हणजे फुलाखालच्या पानांचा असतो.

प्रश्न : काटा नाही, पानं समोरासमोर आहेत. उपपर्णही सापडलं, टोकाशी दुभंगलेलं!

उत्तर : मग मुसांडाच. हे नाव मूळ सिंहली, तेच शास्त्रीय नावात गेलं. आपल्या सह्याद्रीत याच प्रजातीतलं रानझुडूप आहे, त्याला भूतकेस म्हणतात. त्याचं फूल केशरी. झुबक्यातल्या काही फुलांचं एकेकच निदल वाढून पानाएवढं, पांढरंशुभ्र होतं. पावसाळ्यात हिरव्या रानात लांबूनही ते नजरेत भरतं. कमांडर फुलपाखराच्या अळ्या याची पानं खातात, म्हणून मला ते विशेष प्रिय.

बागेतल्या जातींत पाचही निदलं फुगतात. फिलिपिन्समधल्या माकिलिंग डोंगरावर 1915 साली असं पांढरं झुडूप सापडलं. पुढे राष्ट्राध्यक्ष केसॉन यांच्या पत्नीवरून त्याला ‘डोन्या ऑरोरा’ नाव मिळालं. त्याच्या संकरातून गुलाबी जाती आल्या. ‘क्वीन सिरिकिट’ त्यांतलीच.

प्रश्न : म्हणजे पाटीवर ‘भूतकेस’ लिहू?

उत्तर : नुसतं नको, ते रानातल्या झाडाचं नाव आहे. ‘गुलाबी भूतकेस (मुसांडा)’ लिहा. मात्र ‘भूतकेशी’ टाळा. काष्ठौषधींच्या दुकानात त्या नावाने हिमालयातल्या वेगळ्याच वनस्पतीची मुळं मिळतात.