वसंतदादा पाटील: तुरुंग फोडणारे क्रांतिकारक आणि सहकाराचे नेते यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न — इतिहासशिक्षिका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना आपल्या जिल्ह्यातील स्वातंत्र्यलढा समजावा म्हणून मी वसंतदादा पाटील यांच्या चरित्रावर दोन तासिका घेणार आहे. तयारी करताना एक अडचण सतत जाणवते आहे. दादांविषयीचे बहुतेक लेखन मधोमध दुभंगलेले दिसते. पहिल्या भागात २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून, खांद्यात गोळी लागेपर्यंत झुंजलेला पंचविशीतला तरुण भेटतो. दुसऱ्या भागात साखर कारखाना, प्रदेश काँग्रेस, मुख्यमंत्रिपद आणि शेवटी राजस्थानचे राज्यपालपद अशी पदांची यादी येते. या दोन माणसांमध्ये काही आंतरिक नाते आहे, की बेचाळीसचा लढा हे पुढच्या राजकारणासाठी उपयोगी पडलेले केवळ भांडवल होते? मुले हा प्रश्न विचारणारच आहेत, आणि त्यांना ठोकळेबाज उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

उत्तर — कृष्णाकाठचा वाचक

शिक्षिकाताई, आपला प्रश्न फार मोलाचा आहे. माझे मत असे की नाते निश्चितच आहे, मात्र ते धाडसापेक्षा संघटनेत शोधावे लागते.

सुरुवात तुरुंगाच्या जागेपासून करावी. सांगलीचा तुरुंग गणेशदुर्ग या भुईकोट किल्ल्याच्या आत होता. भोवती तट आणि खंदक, बाहेर पडल्यावर भर पावसाळ्यातील कृष्णा. शनिवारचा दिवस होता. पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊन, तटावरून उड्या टाकून दादा आणि त्यांचे सोबती दिवसाढवळ्या बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण गमावले, दादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. मुलांना हा प्रसंग सांगताना या दोघांची नावे कृपया वगळू नका. दादांचे चरित्र सांगण्याच्या भरात ती बहुधा मागे पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी बाब म्हणजे राजकीय भूगोल. तेव्हाची सांगली पटवर्धनांच्या संस्थानात होती, तर वाळवा आणि तासगाव हे तालुके ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हे स्पष्ट केले नाही, तर मुले दादांना सरळ क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, म्हणजे ब्रिटिशांना समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारात, बसवून मोकळी होतात. वास्तविक प्रतिसरकार ऐन भरात असताना दादा तुरुंगात होते. त्यांची सुटका १९४६ मध्ये झाली. पुढील वाटाही निराळ्या झाल्या. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले व १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. दादा काँग्रेसमध्येच राहिले.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट १९४२ मध्ये वरिष्ठ नेते एका रात्रीत गजाआड गेल्यावर, तारा तोडणे, रेल्वेमार्ग उखडणे, शस्त्रे मिळवणे ही कामे गावोगावच्या तरुणांनी कोणाच्याही लेखी आदेशाविना केली. भूमिगताला रात्री भाकरी कोण देईल, कोण तोंड उघडणार नाही, कोणाच्या वस्तीवर दोन दिवस काढता येतील, याची अचूक पारख असल्याशिवाय असे काम होत नाही. औपचारिक शिक्षण जेमतेम झालेल्या, आईवडील प्लेगमध्ये गेल्यामुळे आजीने वाढवलेल्या या तरुणाचे खरे शिक्षण त्या काळात झाले, असे मी मानतो. १९५२ मध्ये आमदार झाल्यावर त्यांनी वीस वर्षे मंत्रिपद घेतले नाही. ती वर्षे पक्षसंघटनेत आणि सहकारी संस्था उभारण्यात गेली. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते पाटबंधारे मंत्री झाले. ज्याला लढ्याचे भांडवल फक्त वटवायचे असते, तो इतका थांबत नाही.

उत्तर — ऊस उत्पादक सभासदाचा मुलगा

वरील मुद्द्याला आमच्या घरातील एका गोष्टीची जोड देतो. आमच्या आजोबांनी दादांच्या सहकारी साखर कारखान्याचा भाग (शेअर) घेतला, तेव्हा त्या जागी ऊस टाकायची गव्हाण नव्हती, चिमणी नव्हती, काहीच नव्हते. घरातील किडूकमिडूक मोडून दिलेल्या पैशांच्या बदल्यात हाती एक कागद आला होता. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाट घालून दिली होती हे खरे, पण सांगलीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रवरानगर फार दूर होते. त्याने पैसे दिले ते मागणाऱ्या माणसाकडे पाहून. शासनाचे भागभांडवल आणि वित्तसंस्थांचे कर्ज मिळण्यासाठी आधी सभासदांचा वाटा उभा राहावा लागे, आणि तो गोळा करताना तुरुंग फोडणाऱ्या दादांचे नाव उपयोगी पडले, हे आजोबा नि:संकोच सांगत. त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. ज्याने जिवावर उदार होऊन शब्द पाळला, तो आपले पैसे बुडवणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पुढे गळिताचा हंगाम सुरू झाला, उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले आणि नदीवरून पाणी उचलणाऱ्या उपसा योजनांनी माळावरही ऊस उभा राहिला. त्याच उसाने पुढे पाण्याचा किती घास घेतला आणि कारखान्यांवर कर्जाचे किती डोंगर चढले, हेही मुलांना सांगायलाच हवे.

उत्तर — निवृत्त प्राध्यापक

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी १९८३ चा निर्णय चर्चेतून सुटू नये असे वाटते. अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातील मुले देणगी भरून कर्नाटकात जात होती. तो पैसा आणि ती मुले राज्यातच राहावीत, म्हणून दादांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली. गावाकडच्या हजारो घरांतील पहिला अभियंता या निर्णयामुळे घडला, हे मी वर्गात प्रत्यक्ष पाहिले आहे. परंतु देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरुद्ध, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या देणगीविरुद्ध, कायदा करावा लागला, आणि अनेक संस्था राजकीय घराण्यांच्या मालकीसारख्या झाल्या. माणसावर विश्वास टाकून काम सोपवायचे, ही दादांची रीत भूमिगत चळवळीत अपरिहार्य होती आणि सहकारात काही काळ फळली. शिक्षणसंस्थांना परवाने देताना मात्र देखरेखीची चौकट आधी उभी करायला हवी होती. ती केली नाही, ही त्या निर्णयातील मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद — इतिहासशिक्षिका

सर्वांचे मन:पूर्वक आभार. सोबत्यांवरील विश्वास हे सूत्र मला वापरता येईल. पण मग १९७८ चे काय? तेथे तर सोबत्यांनीच साथ सोडली.

उत्तर — कृष्णाकाठचा वाचक

ताई, तो भाग मुलांना आकड्यांसह सांगा, म्हणजे केवळ विश्वासघाताची कथा उरणार नाही. १९७६ मध्ये दादांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली होती, आणि आणीबाणीनंतरच्या पराभवामुळे मे १९७७ मध्ये पक्षाला त्यांनाच मुख्यमंत्री करावे लागले. पुढच्या जानेवारीत काँग्रेस फुटली. सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संपही त्याच सुमारास चालू होता. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, दादांच्या काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. नुकतेच एकमेकांविरुद्ध लढलेले दोन काँग्रेस पक्ष एकत्र आले, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले आणि पहिल्या दिवसापासून कुरबुरी सुरू झाल्या. जुलैमध्ये शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि जनता पक्षाच्या साथीने मुख्यमंत्री झाले. सरकारचा पायाच इतका कच्चा होता की पवार गेले नसते तरी ते फार काळ टिकले असते असे मला वाटत नाही. दादांची चूक झाली असेल, तर ती ही आघाडी स्वीकारण्यात झाली. वर्गात या विषयावर वाद घालायचा असेल, तर मुलांपुढे हाच प्रश्न ठेवा: ६९ आमदार हाती असताना त्यांनी सरकार बनवायला हवे होते की विरोधात बसायला हवे होते?