चर्चा धागा : ‘मिलिटरी ग्रेड’ हँडहेल्डच्या चाचण्या नव्या नगावर होतात, त्यावर खरेदी करावी का?

डॉक_नंबर_सात (धागाकर्ता)

गोदामांत, बंदरांवर आणि वीजमीटरच्या वाचनासाठी वापरल्या जाणाऱ्या दणकट हँडहेल्ड संगणकांची खरेदी बहुतेक ठिकाणी माहितीपत्रकातल्या दोन ओळींवर होते. ‘मिल-एसटीडी-८१०जी’ (लष्करी चाचण्यांचे मानक) ही पहिली आणि ‘आयपी ६७’ (धूळ व पाणी आत न जाण्याचा दर्जा) ही दुसरी. भिवंडीच्या पट्ट्यातल्या गोदामांसाठी अशी यंत्रे निवडणे आणि नंतर त्यांची दुरुस्ती निस्तरणे हे माझे रोजचे काम आहे. या दोन ओळी खोट्या असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न आपला नसतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या या मानकाच्या ‘जी’ आवृत्तीत (ही २००८ची, २०१९मध्ये ‘एच’ आली, तरी अनेक माहितीपत्रकांत ‘जी’च नांदते आहे) वाहतुकीत वस्तू पडण्याची जी चाचणी आहे, तीत हाताने वाहून नेण्याजोगी वस्तू ४८ इंचांवरून, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकतात : सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे. खाली काँक्रीटवर बसवलेले दोन इंच जाडीचे प्लायवूड असते. खरी गंमत पुढे आहे. हे २६ आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असे बंधन नाही. ते जास्तीत जास्त पाच नगांत वाटून घेता येतात. त्यामुळे प्रत्येक नगाच्या वाट्याला पाच-सहाच आघात येऊ शकतात, आणि तेही खोक्यातून नुकत्याच काढलेल्या यंत्राला. शिवाय संरक्षण खाते स्वतः कोणत्याही यंत्राला प्रमाणपत्र देत नाही. उत्पादक स्वतःच्या प्रयोगशाळेत चाचणी घेऊन तसा दावा करू शकतो.

गोदामातले यंत्र पडते तेव्हा ते नवे नसते. बॅटरी बदलण्यासाठी त्याचे झाकण प्रत्येक शिफ्टला उघडलेले असते, झाकणाखालच्या रबरी गॅस्केटवर पुठ्ठ्याची धूळ बसलेली असते, चार्जिंग क्रेडलमध्ये, म्हणजे यंत्र चार्ज करायला ठेवण्याच्या खोबणीत, आपटून आपटून खालचे संपर्कबिंदू झिजलेले असतात आणि पूर्वी पडल्यामुळे आतला एखादा स्क्रू किंचित सैल झालेला असतो. म्हणून माझा प्रस्ताव असा की खरेदीपूर्व चाचणी एकाच नगावर क्रमाने व्हावी. आधी बॅटरीचे झाकण काहीशे वेळा उघडबंद करावे, मग तापमानाची आवर्तने आणि कंपन द्यावे, त्यानंतर यंत्र काँक्रीटवर टाकावे आणि सर्वांत शेवटी ते पाण्यात बुडवावे. जे यंत्र या क्रमातून पार पडेल त्यालाच दणकट म्हणावे. यावर आपले मत काय?

कंपनकक्ष

मी पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत काम करतो आणि आपल्या मांडणीतला रोख मला अन्यायकारक वाटतो. २६ आघात पाच नगांत वाटण्याची मुभा ही पळवाट नव्हे. आघात कोणत्या दिशेने बसला असता वस्तूचे काय होते, हे दिशावार तपासणे हा त्या चाचणीचा उद्देश आहे; पाचव्या आघाताचे नुकसान एकविसाव्या आघाताच्या माथी मारले जाऊ नये, एवढ्यासाठी ती सोय उपयोगी पडते. साचणारे नुकसान मोजायचे असेल तर त्यासाठी वेगळी चाचणी आहे आणि तिचा उल्लेख आपण केलेला नाही. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६००६८-२-३१ या मानकात फिरत्या पिंपाची चाचणी दिली आहे. पिंप प्रत्येक फेरीत दोनदा उलटते, म्हणून एक मीटरच्या पिंपात १००० फेऱ्या म्हणजे २००० आदळ, तेही एकाच नगाला आणि कोणत्याही ठरावीक दिशेविना. चांगले उत्पादक हा आकडा स्वतंत्रपणे छापतात. खरेदीदार तो वाचत नाहीत, हा मानकाचा दोष कसा?

दुसरे असे की मिल-एसटीडी-८१० हे मुळात ठरावीक परीक्षांचे पुस्तक नाही. वस्तूच्या प्रत्यक्ष आयुष्यात कोणते ताण येतील याचा आधी अभ्यास करा आणि त्यानुसार चाचणी बेतून घ्या, हे ते सुरुवातीलाच सांगते. आपण जे मागत आहात ते त्या मानकाच्या विरोधात नसून त्याच्या पोटातच आहे.

आता आपल्या प्रस्तावाबद्दल. एक नग घेऊन त्याच्यावर सगळे क्रमाने केले आणि तो टिकला, तर आपल्याला नेमके काय कळले? फार थोडे. दहातली नऊ यंत्रे टिकतील असे ९० टक्के विश्वासाने म्हणायचे असेल, तर एकही अपयश न येता २२ नग पार पडावे लागतात. हे साधे संभाव्यतेचे गणित आहे. वीसातली एकोणीस टिकतील असे म्हणायचे असेल तर ४५ नग लागतात. एका नगावरचा कठोर प्रयोग पाहायला रोमहर्षक असतो, पुरावा म्हणून मात्र तो माहितीपत्रकातल्या ओळीइतकाच लंगडा आहे.

आणि काँक्रीटबद्दलचा आग्रह थोडा सबुरीने धरावा. यंत्र मोकळे सोडले की हवेत ते किंचित फिरते. कोपऱ्यावर पडायचे ते चार अंशांनी कलून कडेवर पडते आणि आतल्या काचेवर येणारा धक्का पूर्णपणे बदलतो. सोडण्याची रीत आणि खालचा पृष्ठभाग पक्का नसेल, तर दोन कंपन्यांच्या यंत्रांची तुलना करताच येत नाही.

निविदाकार

प्रयोगशाळेची बाजू ऐकली, आता खरेदी खात्याची ऐका. सार्वजनिक निविदेत आपल्या मनाने रचलेली चाचणी घातली की पहिली तक्रार येते ती ‘अमुक कंपनीला डोळ्यांसमोर ठेवून अट लिहिली’ अशी. ‘झाकण काहीशे वेळा उघडबंद करावे’ हे वाक्य लेखापरीक्षणापुढे एक दिवस टिकणार नाही. काहीशे म्हणजे किती? कोण उघडणार, हाताने की यंत्राने? नापास ठरलेला निविदाधारक न्यायालयात गेला तर आम्ही कोणत्या मानकाकडे बोट दाखवायचे? एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा, नावानिशी मानक सांगणारा अहवाल ही एकच गोष्ट फाइलमध्ये उभी राहते. पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम द्यावे लागते, त्यामुळे पात्रतेची अट जितकी धूसर तितका घोळ मोठा. अहवालाची अट परिपूर्ण नसेल, पण सर्वांना सारखी लागू होते, आणि आमच्या कामात त्याला मोल आहे.

खाडीकाठ

पडण्यावर इतकी चर्चा चालली आहे, याचेच मला आश्चर्य वाटते. मासळीच्या जेट्टीवर वजनांच्या नोंदीसाठी आमच्याकडे अशी यंत्रे आहेत आणि त्यांतले पडून मेलेले यंत्र विरळाच. ती मरतात ती खालच्या बाजूच्या सोनेरी संपर्कबिंदूंमुळे. बोटांचा घाम, खारा वारा आणि क्रेडलमधला सततचा विद्युतदाब यांनी त्या बिंदूंवर आधी तपकिरी आणि मग हिरवट थर चढतो. यंत्र क्रेडलमध्ये ठेवले की दिवा लागतो, हात काढताच विझतो, आणि रात्रभर चार्जिंगला लावलेले यंत्र पहाटे लिलावाच्या वेळी रिकामे निघते. खोबणीच्या टोकाचा बिंदू सर्वांत आधी जातो, कारण धुतल्यानंतर पाणी तिथेच साचते.

आयपी ६७ची चाचणी गोड्या, संथ पाण्यात होते : एक मीटर खोली, तीस मिनिटे, आणि पाण्याचे तापमान यंत्राच्या तापमानाच्या जवळपास. उन्हात तापलेले यंत्र बर्फाच्या पाण्यात पडले तर आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ही परिस्थिती त्या चाचणीत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आयपी ६७ असलेले यंत्र पाण्याच्या फवाऱ्याला टिकेलच असे आयईसी ६०५२९, म्हणजे आयपी दर्जे ठरवणारे मानक, म्हणत नाही. फवाऱ्याच्या चाचण्या वेगळ्या, आयपी ६५ आणि आयपी ६६, आणि दोन्ही गुण हवे असतील तर यंत्रावर दोन्ही आकडे छापलेले असावे लागतात. आमचे लोक संध्याकाळी जेट्टी नळीने धुतात आणि त्याच नळीने यंत्रही धुतात. ‘ते सदुसष्ट आहे, पासष्टपेक्षा मोठे’ हा त्यांचा हिशोब.

त्यामुळे धागाकर्त्यांच्या मताशी मी सहमत आहे, पण त्यांच्या क्रमाशी नाही. क्षाराच्या धुक्याची चाचणी, म्हणजे पाच टक्के मिठाच्या द्रावणाचा ३५ अंशांवरचा फवारा, त्यांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

स्वस्तात_मस्त

एवढा काथ्याकूट कशासाठी? दणकट हँडहेल्डच्या किमतीत तीन-चार साधे फोन येतात. जाड कव्हर घाला, फुटला की दुसरा द्या. आमच्या घरपोच सेवेत हेच चालते आणि कोणाचे काही अडत नाही.

डॉक_नंबर_सात (धागाकर्ता)

स्वस्तात_मस्त यांचा हिशोब घरपोच सेवेत बरोबर असेलही. दिवसभर शेकडो बारकोड वाचणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याने प्रत्येक वेळी नेम धरत बसणे परवडत नाही, आणि फोनची बॅटरी शिफ्टच्या मध्यावर काढून बदलता येत नाही. फोन फुटल्यावर नवा येईपर्यंत माणूस रिकामा बसतो. तो खर्च त्या तीन-चार फोनांत धरलेला नाही.

खाडीकाठ यांचा आक्षेप मला पटला. क्षाराची चाचणी कोरड्या गोदामासाठी मी आग्रहाने मागणार नाही, जेट्टीसाठी मात्र ती पहिली असावी.

शीतगृहाचे एक उदाहरण देतो, कारण तिथे स्वतंत्र चाचण्यांचा दुबळेपणा उघड दिसतो. उणे वीस अंशांच्या खोलीत काम करून माणूस बाहेर डॉकवर येतो. पावसाळ्यात तिथे तीस अंश आणि दमट हवा असते. काही क्षणांत स्कॅनरच्या खिडकीवर दव जमते. बाहेरचे दव बाहीने पुसता येते, पण झाकण नेमके त्याच वेळी उघडले गेले तर दमट हवा आत शिरते आणि यंत्र परत थंड खोलीत गेले की तेच दव काचेच्या आतल्या बाजूला धरते. ते पुसता येत नाही. माणूस मग यंत्र तळहातावर आपटतो, आणि हा आघात कोणत्याच मानकात नाही. शिवाय थंडीत बाहेरचे रबरी आवरण कडक झालेले असते आणि बॅटरीतून एकदम जास्त प्रवाह ओढला गेला की विद्युतदाब कोसळून यंत्र बंद पडते, चार्ज शिल्लक दिसत असतानाही. कमी तापमानाच्या चाचणीत हे यंत्र उत्तीर्ण, आर्द्रतेच्या चाचणीत उत्तीर्ण, पडण्याच्या चाचणीतही उत्तीर्ण. तिन्ही अहवाल खरे, आणि यंत्र तरीही निरुपयोगी. कंपनकक्ष यांनी याचे उत्तर द्यावे.

कंपनकक्ष

उत्तर देतो. ही अडचण खरी आहे आणि म्हणूनच शीतगृहासाठी खिडकीला तापवणारी तार असलेली वेगळी मॉडेल्स मिळतात. सामान्य मॉडेल तिथे वापरून चाचणीला दोष देणे म्हणजे हिवाळी टायर न लावता घाटातल्या बर्फाला शिव्या देण्यासारखे आहे. पण आपला मूळ मुद्दा, म्हणजे ताण एकत्र आले की वेगळेच अपयश दिसते, मी नाकारत नाही.

माझी हरकत शेवटी पाण्यात बुडवण्याला आहे. झाकण उघडबंद, तापमान, कंपन आणि आघात यांनंतर पाणी आत गेले, तर गॅस्केट दमले की कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली, हे आपण कसे सांगणार? उत्पादकाला सुधारणा करायची तर कारण कळले पाहिजे. म्हणून नगांचे तीन गट करावेत : एका गटावर फक्त झाकणाची झीज आणि पाणी, दुसऱ्यावर आघात आणि पाणी. दोन्ही गट टिकले तरच तिसऱ्या गटावर आपला पूर्ण क्रम चालवावा. नग जास्त लागतील, त्याला इलाज नाही.

आणि नव्या नगांवरच्या चाचणीवर इतका राग असेल, तर वापरलेली यंत्रे आमच्याकडे आणा ना! वर्षभर गोदामात वापरलेले नग थेट पाण्याच्या टाकीत आणि आघाताच्या चाचणीला घेता येतात. अनेक नव्या हँडहेल्डमध्ये त्वरणमापक (हालचाल आणि धक्के टिपणारा संवेदक) असतो आणि यंत्र कधी पडले याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअरही मिळते. त्या नोंदी पाहिल्याशिवाय यंत्र १.२ मीटरवरून टाकून पाहावे की १.८ मीटरवरून, हा वाद आपण नुसता तोंडाने घालत आहोत. १.२ मीटरवरून जमिनीवर येताना वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास असतो, १.८ मीटरवरून तो एकवीसच्या पुढे जातो, आणि आघाताची ऊर्जा थेट दीडपट होते. फोर्कलिफ्टवर बसलेल्या माणसाच्या हातातून पडणे आणि उभ्या माणसाच्या कमरेपासून पडणे यांत एवढे अंतर आहे.

निविदाकार

वापरलेल्या यंत्रांची चाचणी निविदेपूर्वी मागता येणार नाही, कारण नव्या निविदाधारकाकडे आमच्या गोदामात वापरलेली यंत्रे असणारच नाहीत. परंतु ती हमीच्या अटीत घालता येईल. पुरवठ्यानंतर बारा महिन्यांनी आम्ही निवडलेले ठरावीक नग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आयपी ६७साठी तपासले जातील, खर्च खरेदीदाराचा, आणि नापास झाल्यास संपूर्ण खेपेची गॅस्केट व झाकणे पुरवठादाराने बदलून द्यावीत. मानक तेच, प्रयोगशाळा तीच, फक्त चाचणीची तारीख पुढे गेली. अशी अट मी लिहू शकतो आणि तिचा बचावही करू शकतो. निवडीची रीत मात्र आधीच लिहून ठेवावी लागेल. अनुक्रमांकांतून सोडत काढायची की नाही हे निविदेत स्पष्ट नसेल, तर पुरवठादार सांगेल की आपण मुद्दाम सर्वांत आपटलेली यंत्रे काढून पाठवलीत.

खाडीकाठ

त्या अटीत संपर्कबिंदूही घाला. गॅस्केट बदलून मिळाले आणि यंत्र चार्जच होत नसेल, तर त्या कोरड्या यंत्राचे आम्ही करायचे काय?